मोबाईलचा पंचनामा आपल्याला वाचता आला पाहिजे

अत्याचाराच्या गुन्ह्याचा पंचनामा म्हटला की पूर्वी काठी, कुऱ्हाड, रक्ताने माखलेली माती, फाटलेले कपडे अशी मुद्देमालाची यादी असे. आज त्या यादीत मोबाईल नाही असा गुन्हा क्वचितच सापडेल. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली. ती साऱ्या देशाला कळली, कारण मारणाऱ्यांनीच तिचे चित्रण करून ते मोठ्या फुशारकीने पसरविले होते. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका तरुणाच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली आणि त्यावरून त्याचा जीव घेतला गेला. गुन्ह्याचे निमित्त मोबाईल, गुन्ह्याची शेखी मोबाईलवर आणि गुन्ह्याचा पुरावाही मोबाईलमध्येच!

मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टर तरुणीने २२ मे २०१९ रोजी आत्महत्या केली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला. तिने लिहिलेली मूळ चिठ्ठी सापडलीच नाही. मात्र तिच्या मोबाईलची तपासणी झाली तेव्हा त्या चिठ्ठीच्या तीन पानांचे फोटो मिळाले आणि ते आरोपपत्रात दाखल झाले. कोण दोषी, कोण निर्दोष हे सांगणे न्यायालयाचे काम. आपण एवढेच लक्षात घ्यावे की मेलेल्या लेकीचे म्हणणे न्यायालयापर्यंत पोहोचविण्याचे काम इथे एका तंत्रज्ञाने केले. कागद नाहीसा झाला, पण फोन बोलला.

या तंत्राला डिजिटल फॉरेन्सिक म्हणतात. मोबाईल, कॉम्प्युटर, कॅमेरा, पेनड्राइव्ह यांत साठलेली माहिती न बिघडवता बाहेर काढायची, ती कधीची, कोणाची, कशी तिथे आली हे शोधायचे आणि न्यायालयात टिकेल अशा रीतीने मांडायची, असे हे शास्त्र आहे. त्याचे जुळे भावंड म्हणजे मोबाईलमधील सुरक्षेच्या त्रुटींचा अभ्यास. फोनच्या कोणत्या फटीतून परका माणूस आत शिरू शकतो, हे शोधण्याची ही विद्या. आंबेडकरी समाजातील मुलामुलींनी या दोन्ही विद्या शिकल्या पाहिजेत, आणि त्या केवळ नोकरीसाठी नव्हे, असे माझे म्हणणे आहे.

पुराव्याचे महत्त्व आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली सत्याग्रह झाला हे आपल्या घरातील लहान पोराला ठाऊक असते. पण त्या तळ्याचा दावा त्याच वर्षी न्यायालयात दाखल झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला, हे किती जणांना ठाऊक आहे? अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आलेली आहे, असा सवर्ण वादींचा दावा होता. ती वहिवाट तशी अनादी असल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही, आणि बाबासाहेब जिंकले. ओंजळभर पाण्याने जो हक्क बजावला, तो दहा वर्षे पुरावा तपासून न्यायालयात टिकवावा लागला. रस्त्यावरची लढाई आणि साक्षीच्या पिंजऱ्यातली लढाई या दोन वेगळ्या लढाया आहेत, आणि दुसरी आपण नेहमी वकिलावर सोडून घरी येतो.

आपल्या खटल्यांत काय होते ते पाहा. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी शाळकरी दलित मुलाचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. गावात राहायचे, त्यांच्याच शेतावर मजुरीला जायचे, तर माणूस किती दिवस ठाम राहणार? मोबाईलवर असा दबाव येत नाही. त्यातली वेळ, त्यातला फोटो, त्यातला कॉल घाबरून जबाब बदलत नाही. पण तो नष्ट करता येतो, बिघडविता येतो आणि त्यात खोटी भरही घालता येते. म्हणूनच त्याची तपासणी कशी होते हे समजणारा माणूस आपल्या बाजूला हवा.

आता ही तपासणी कशी होते ते थोडे नीट पाहू, कारण इथेच खरी गोम आहे.

पोलीस चाकू जप्त करतात तेव्हा तो पाकिटात घालून, लाखेचे सील करून, पंचांच्या सह्या घेतात. सील तुटले तर कोणालाही दिसते. मोबाईलच्या आतील मजकुराला लाख लावता येत नाही. त्यासाठी हॅश व्हॅल्यू काढतात. एखाद्या फाईलवर किंवा संपूर्ण साठ्यावर एक ठरलेली गणिती प्रक्रिया केली की अंक आणि अक्षरांची एक ओळ मिळते. एसएचए-२५६ नावाच्या पद्धतीत ती ओळ ६४ चिन्हांची असते. लाखभर पानांच्या मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी पूर्ण ओळ बदलते. त्यामुळे जप्तीच्या वेळी काढलेली ओळ आणि दोन वर्षांनी न्यायालयात काढलेली ओळ जुळली, तर मधल्या काळात आत कोणी हात घातला नाही असे म्हणता येते. न जुळली, तर प्रश्न विचारायला जागा मिळते. आणि जप्तीच्या वेळी ओळ काढलीच नसेल, तर मग मधल्या काळात काय घडले हे कशाशी ताडून पाहायचे?

हॅश ही भानगड इंजिनिअरची आहे असे समजून आपले वकील ती सोडून देत असतील, तर कायदाच आता तसे करू देत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच छापलेला आहे. त्याचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ पुरावा देणाऱ्या पक्षकाराने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. दोन्हीत हॅश व्हॅल्यू लिहायची आणि ती कोणत्या पद्धतीने काढली यापुढे खूण करायची. त्या नमुन्यात एमडी-५ आणि एसएचए-१ या पद्धतीही आहेत. गंमत अशी की एमडी-५ मध्ये दोन वेगळ्या फाईलींची एकच ओळ तयार करता येते हे २००४ सालीच दाखवून दिले गेले आहे, आणि एसएचए-१ चे तेच २०१७ साली झाले. म्हणजे ज्या कुलपांच्या जोडकिल्ल्या बाजारात आल्या, ती कुलपे २०२३ च्या कायद्याने पुन्हा दारावर लावली. आपल्या माणसाने एसएचए-२५६ चाच आग्रह धरावा, हे सांगायलाही कोणी जाणकार लागतो.

या प्रमाणपत्रावरून देशभर गाजलेला निकाल आपल्याच मराठवाड्यातला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचे म्हणणे असे की, उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर घेतला गेला आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातील व्हिडिओ चित्रणात ते दिसते. चित्रणाच्या सीडी मिळाल्या, पण कायद्याने लागणारे प्रमाणपत्र अधिकारी देईनात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की प्रतीच्या रूपातील इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र ज्याच्या मालकीचे उपकरण आहे त्याने साक्षीला उभे राहून मूळ उपकरणच हजर केले, तर त्याची गरज नाही. आमदारकीच्या भांडणातून निघालेला हा मुद्दा वस्तीतल्या बाईच्या कामाचा आहे. जिच्या फोनवर मारहाणीचे चित्रण झाले, तिने तो फोन जपून ठेवला तर तो फोनच न्यायालयात उभा राहतो. तिने तो विकून नवा घेतला आणि व्हॉट्सअॅपवर फिरलेली प्रत दिली, तर लढा तिथेच लंगडा होतो. व्हॉट्सअॅपवरून गेलेला फोटो किंवा व्हिडिओ आकाराने दाबला जातो, आणि तो कोणत्या कॅमेऱ्याने, केव्हा, कुठे काढला याची मूळ नोंद त्यात राहत नाही.

मोबाईलची तपासणी कॉम्प्युटरपेक्षा अवघड असते. कॉम्प्युटरची हार्डडिस्क बाहेर काढून, तिच्यावर काहीही लिहिले जाणार नाही असा अडसर लावून तिची तंतोतंत प्रत घेता येते. मोबाईल मात्र जिवंत प्राण्यासारखा असतो. टेबलावर नुसता पडला असला तरी तो टॉवरशी बोलतो, संदेश घेतो, जुन्या नोंदी पुसून नव्या लिहितो. दुरून आदेश देऊन तो पूर्ण कोराही करता येतो. म्हणून तो लहरी अडविणाऱ्या खास पिशवीत ठेवतात, तिला फॅरेडे पिशवी म्हणतात. पिशवी नसेल तर निदान एअरप्लेन मोडवर टाकतात. तो चालू सापडला की बंद, यानेही फार फरक पडतो. फोन चालू केल्यावर मालकाने एकदाही पासवर्ड टाकला नसेल, तर आतला बहुतेक मजकूर गुप्त लिपीत कुलूपबंद असतो. एकदा उघडून नंतर नुसता लॉक केलेल्या फोनमधून पुष्कळ काही निघू शकते. हे ओळखून अॅपलने २०२४ मध्ये अशी सोय केली की तीन दिवस कोणी न उघडलेला आयफोन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि अधिक घट्ट कुलपात जातो.

पुसलेला संदेशही लगेच पुसला जात नाही. बहुतेक अॅप आपला मजकूर एसक्यूलाईट नावाच्या छोट्या नोंदवहीत ठेवतात. संदेश डिलीट केला की त्या वहीतील जागा ‘रिकामी’ म्हणून नोंदली जाते; जुना मजकूर नवा लिहिला जाईपर्यंत तिथेच राहू शकतो. आणखी एक साधी गोष्ट सांगतो, जिच्यावर माणसाचे नशीब फिरू शकते. बहुतेक फोन आपल्या नोंदींत वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत ठेवतात, आणि ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. नोंदीत १४ एप्रिल, १८ वाजून ४५ मिनिटे असे असेल, तर आपल्याकडे तेव्हा १५ एप्रिल उजाडून पंधरा मिनिटे झालेली असतात. अहवाल लिहिणाऱ्याने हे रूपांतर केले की नाही, हे उलटतपासणीत विचारणारा वकील आपल्याकडे किती तालुक्यांत आहे? आरोपी घटनेच्या वेळी गावात होता की नव्हता, हे या साडेपाच तासांवर ठरू शकते.

आता फटींकडे वळू. कुलूपबंद फोन उघडणारी यंत्रे पोलिसांकडे असतात. इस्रायलच्या सेलेब्राईट कंपनीचे यंत्र जगभर प्रसिद्ध आहे. कुलूप उघडायला अशी यंत्रे फोनच्या प्रणालीतील त्रुटींचाच उपयोग करतात. म्हणजे ज्या फटीतून चोर शिरतो, तिच्यातूनच पोलीसही शिरतो. फट बुजविणे हे आपल्यासारख्या सामान्य माणसाच्या हिताचे आणि ती उघडी राहणे हे यंत्र विकणाऱ्याच्या हिताचे. हा झगडा समजला की फोनवर आलेला अपडेट पुढे ढकलू नये हे वेगळे सांगावे लागत नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी सिग्नल या संदेश अॅपच्या निर्मात्यांनी सेलेब्राईटच्याच सॉफ्टवेअरमध्ये मोठी त्रुटी असल्याचे जाहीर केले. फोनमध्ये एक विशिष्ट फाईल असली तर ती तपासणाऱ्या यंत्रालाच बाधा करू शकते आणि त्यातून निघालेले अहवाल बदलू शकते, असा त्यांचा दावा होता. सर्बियात तर याहून पुढचे घडले. अॅम्नेस्टीच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालानुसार तिथल्या एका पत्रकाराला पोलिसांनी रस्त्यात अडविले, त्याचा फोन ठाण्यात ठेवून घेतला, त्याच्या नकळत तो उघडला आणि त्यात हेरगिरीचे सॉफ्टवेअर टाकून परत दिला. पुढे त्या देशातील काही ग्राहकांना आपले यंत्र वापरण्यास सेलेब्राईटला मनाई करावी लागली. पत्रकाराने फोन संशयाने तपासायला दिला म्हणून हे उघडकीस आले.

असाच शहाणपणा २०१६ साली संयुक्त अरब अमिरातीतील अहमद मन्सूर या मानवी हक्क कार्यकर्त्याने दाखविला. तिथल्या तुरुंगांतील छळाची नवी माहिती देतो असे सांगणारा संदेश त्याच्या आयफोनवर आला, सोबत एक लिंक. त्याने लिंक दाबली नाही. तो संदेश त्याने कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबकडे पाठविला. तपासणीत आयफोनमधील तीन अज्ञात त्रुटी उघड झाल्या आणि त्या वापरून फोन ताब्यात घेणारे इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे पेगॅसस हे हत्यार जगासमोर आले. अॅपलने २५ ऑगस्ट २०१६ रोजी त्या बुजविल्या. एका माणसाने बोट आवरले आणि जगातले कोट्यवधी फोन सुरक्षित झाले. त्याचा स्वतःचा शेवट मात्र सुखाचा नाही. पुढच्याच वर्षी त्याला अटक झाली आणि दहा वर्षांची शिक्षा झाली.

नंतर पेगॅससला लिंकचीही गरज उरली नाही. २०१९ मध्ये व्हॉट्सअॅपच्या कॉलिंगमधील त्रुटीतून सुमारे १,४०० फोनवर हल्ला झाला. कॉल उचलण्याचीही आवश्यकता नव्हती, नुसती रिंग वाजणे पुरे होते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतात ज्यांना व्हॉट्सअॅपकडून तसा इशारा मिळाला त्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड आणि प्रा. आनंद तेलतुंबडे होते. ही नावे वाचली की हा विषय अमेरिका-इस्रायलचा राहत नाही. तो आपल्या दारात येऊन उभा राहतो.

१ जानेवारी २०१८ च्या भीमा कोरेगाव हल्ल्यानंतर काय झाले ते या दैनिकाच्या वाचकांना सांगायला नको. मी इथे फक्त फॉरेन्सिकपुरते बोलतो. १७ एप्रिल २०१८ रोजी पुणे पोलिसांनी दिल्लीत रोना विल्सन, नागपुरात अॅड. सुरेंद्र गडलिंग आणि इतरांच्या घरांवर छापे घातले. आरोपांचा मोठा आधार म्हणजे जप्त उपकरणांत सापडलेली पत्रे. बचाव पक्षाला त्या साठ्याच्या प्रती मिळाल्यावर त्या अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने विनामोबदला तपासल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा पहिला अहवाल बाहेर आला. १३ जून २०१६ रोजी आलेल्या एका ईमेलमधील फाईल उघडल्यावर विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये नेटवायर नावाचे घुसखोर सॉफ्टवेअर बसले. पुढचे सुमारे २२ महिने तो लॅपटॉप परक्याच्या ताब्यात होता. त्या काळात एका लपविलेल्या फोल्डरमध्ये ती पत्रे आणून ठेवली गेली. ती त्या लॅपटॉपवर कधी उघडल्याची खूणही नाही, असे अहवाल म्हणतो. त्यातला एक धागा शाळकरी मुलालाही कळेल. विल्सन यांच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट वर्डची २००७ ची आवृत्ती होती, आणि काही पत्रे त्यानंतरच्या आवृत्तीत तयार झालेली होती. फोल्डरमधील शेवटचा बदल १६ एप्रिल २०१८ च्या दुपारचा. दुसऱ्या दिवशी पहाटे छापा.

डिसेंबर २०२१ मध्ये त्याच संस्थेने विल्सन यांच्या आयफोनबद्दल सांगितले. तपासणारा हुशार असेल तर कुठवर पोहोचतो पाहा. प्रत्यक्ष फोन नव्हे, तर त्याचे लॅपटॉपवर पडून राहिलेले दोन बॅकअप त्यांनी चाळले आणि त्यात जुलै २०१७ ते एप्रिल २०१८ या काळातील पेगॅससच्या ४९ हल्ल्यांच्या खुणा मिळाल्या. फादर स्टॅन स्वामी यांच्या कॉम्प्युटरबाबतचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये आला. तोवर त्यांना कोठडीत असतानाच जाऊन दीड वर्ष होत आले होते. ते ५ जुलै २०२१ रोजी गेले.

राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे अहवाल मान्य केलेले नाहीत. ते आरोपपत्राचा भाग नाहीत आणि त्यांची पारख खटल्यात होईल, अशी तिची भूमिका राहिली. हेही नोंदविले पाहिजे की ८ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रोना विल्सन आणि सुधीर ढवळे यांना जामीन दिला, तो दीर्घ तुरुंगवास आणि खटला लवकर संपण्याची शक्यता नसणे या कारणांवर. फॉरेन्सिक अहवालावर नव्हे. सुनावणीच झाली नाही तर उत्तम अहवालही कपाटात पडून राहतो. पण तो अहवाल नसता तर त्या पत्रांना प्रश्न विचारायला आपल्याकडे काय होते? सभा, मोर्चे, निवेदने. ‘हे खोटे आहे’ अशी घोषणा आपण सारे देत होतो. ते कोणत्या तारखेला, कोणत्या फोल्डरात, कोणत्या आवृत्तीत खोटे दिसते हे सांगायला मात्र सातासमुद्रापलीकडचा माणूस लागला. तोही फुकट मिळाला म्हणून. तालुक्याच्या कोर्टातील अॅट्रॉसिटीच्या खटल्याला मॅसॅच्युसेट्सचा तज्ज्ञ कोण देणार?

सरकारी चौकशीवर विसंबावे म्हणाल, तर पेगॅससच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले की तपासलेल्या २९ फोनपैकी ५ मध्ये काही घातक सॉफ्टवेअर आढळले, पण ते पेगॅससच आहे असा निर्णायक पुरावा नाही. आणि केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही. यातून काय अर्थ काढायचा तो सुज्ञांनी काढावा.

म्हणून शिकले पाहिजे. आपल्या समाजातील हजारो मुले हिंजवडीत, बंगळुरूत कॉम्प्युटरवर बसतात. बँकेचे अॅप बनवितात, विमा कंपनीचा हिशेब लावतात. ते वाईट नाही. त्याच पगारावर घरे उभी राहिली, धाकटी भावंडे शिकली. पण त्यातील दहा जणांनी वेगळी वाट धरली तर जिल्ह्याजिल्ह्यातील वकिलांचा हात बळकट होईल. महाराष्ट्र शासनाच्या न्यायसहायक विज्ञान संस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे संकुल गोव्यातही आहे. बी.एस्सी. करून पुढे काय, असे विचारणाऱ्या आपल्या मुलींना ही नावे कोणी सांगितली आहेत काय? शासकीय प्रयोगशाळेत आपली माणसे असणे आणि बचावाच्या बाजूने स्वतंत्र तपासणी करणारी आपली माणसे असणे, दोन्ही लागेल.

ज्याला कॉलेज परवडत नाही त्यानेही हात बांधून बसू नये. ऑटोप्सी हे तपासणीचे सॉफ्टवेअर मोफत आहे. अँड्रॉइड फोनमधील नोंदी वाचणारे एलीप आणि आयफोनसाठीचे आयलीप मोफत आहेत. पेगॅसससारख्या हेरगिरीच्या खुणा शोधणारे एमव्हीटी हे साधन अॅम्नेस्टीने जुलै २०२१ मध्ये सर्वांसाठी खुले केले. घरात अडगळीत पडलेला जुना फोन घ्यावा, त्यात स्वतःच संदेश पाठवावेत, फोटो काढावेत, काही पुसावेत आणि मग काय सापडते, काय नाही ते पाहावे. प्रत्येक पाऊल तारीख-वेळ घालून वहीत उतरवावे, कारण न्यायालयात या वहीलाही विचारतात. एक ताकीद मात्र नीट ऐकावी. स्वतःच्या किंवा ज्याने लेखी परवानगी दिली त्याच्याच उपकरणाला हात लावायचा. दुसऱ्याच्या फोनमध्ये परवानगीवाचून शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ नुसार गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आपल्या पोराने हौसेने कोणाचा फोन फोडून दाखवावा आणि स्वतःच आरोपी व्हावे, याची वाट पाहणारे कमी नाहीत.

कायद्याच्या विद्यार्थ्यांनी याच्या जोडीला काही कलमे पाठ करावीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करावे लागते. कलम १७६ नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी यावे असे बंधन आहे. राज्याने ते अधिसूचनेने लागू करायचे, त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-अ मध्ये २०१६ पासून कार्यवाहीचे चित्रण करण्याची तरतूद आहे. ही सर्व कलमे मागितल्यावर मिळतात. न मागता मिळाली असे मी तरी फारसे ऐकलेले नाही.

आणि वस्तीतल्या माणसाने काय करायचे? मारहाणीचे, जाळपोळीचे चित्रण ज्या फोनवर झाले तो फोन बाजूला ठेवावा, विकू नये, रिसेट करू नये. चित्रणाचे नाव बदलू नये, त्यावर गाणे चढवू नये, ते कापून छोटे करू नये. गटागटांत पाठविण्याआधी मूळ फाईल जशीच्या तशी पेनड्राइव्हवर उतरवून वकिलाकडे द्यावी. पोलीस फोन घेतील तेव्हा पंचनाम्यात त्याचा आयएमईआय क्रमांक, तो चालू होता की बंद, आणि हॅश व्हॅल्यू लिहिली की नाही हे पाहूनच सही करावी. लिहिली नसेल तर तसे स्वतःच्या अक्षरात लिहून सही करावी. पंच म्हणून बोलावलेल्या आपल्या शिकलेल्या पोरानेही ‘साहेब, हॅश किती आला?’ एवढे विचारावे. कलम ६३ च्या त्या नमुन्यात भाग ‘ब’ च्या शेवटी तज्ज्ञाचे नाव, हुद्दा आणि सही यासाठी जागा सोडलेली आहे.